ओव्हलला कोण गेलं, घरी कोण राहिलं

शनिवार, २१ नोव्हेंबर १९६४. रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं तिसरं सत्र त्या दिवशी संपलं. जगभरातून आलेल्या बिशपांसमोर चर्चच्या स्वरूपाविषयीचा मोठा दस्तऐवज जाहीर झाला. त्यावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. त्याच दिवशी पोप पॉल सहावे यांनी आणखी एक छोटी घोषणा केली. वसईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली ती ही छोटी घोषणा. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा उपवास यापुढे फक्त एका तासाचा असेल, असं त्यांनी सांगितलं.

पहाटेच्या मिस्सेला जाणाऱ्या घरांना याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९५३ पर्यंत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य होता. १९५७ मध्ये नियम सैल झाला, तरी जेवणाचं बंधन तीन तासांचं राहिलंच. लहान मुलं, पोटुशी सून, म्हातारी माणसं यांना घेऊन दूरच्या समारंभाला निघायचं म्हणजे घरातल्या बाईला आधी या तासांचा हिशोब मांडावा लागे. भाकऱ्या कधी करायच्या, बरोबर काय बांधायचं, मुलांना शेवटचं कधी खाऊ घालायचं, हे सगळं त्या हिशोबावर ठरे. घोषणा झाली तेव्हा मुंबईची आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस बरोबर एका आठवड्यावर आली होती, आणि वसईच्या किनाऱ्यावर गावोगाव मुंबईला जायची तयारी चालू होती.

काँग्रेसच्या त्या नऊ दिवसांबद्दल पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. पोपची भाषणं, पाहुण्यांच्या याद्या, ओव्हल मैदानावरच्या गर्दीची छायाचित्रं, सगळं जपलेलं आहे. मला मात्र तो काळ भुईगावच्या बाजूने पाहायचा आहे. शहरात जगाचा मेळा भरला की त्याचा भार घरांवर पडतो, आणि घरात तो सगळ्यांच्या खांद्यावर सारखा पडत नाही.

भुईगाव वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. आजूबाजूला गास, गिरीज, निर्मळ ही गावं आणि पुढे समुद्र. १९६४ मध्ये हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. इथल्या वाड्यांत केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलं पिकत. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल किंवा रेडा, आणि पाटातून वाडीभर फिरणारं पाणी. पंप येऊ लागले होते, तरी बागायतीचं गणित तेच होतं. पानवेलीला पाणी वेळेवर हवं. तिला रविवार नाही आणि सणही नाही. गोठ्यात म्हैस असेल तर सकाळ-संध्याकाळ धार काढायलाच हवी. वसईचं दूध, भाजी, केळी आणि फुलं रेल्वेने मुंबईला जात. म्हणजे या घरांचा दिवस आधीच मुंबईच्या घड्याळाला बांधलेला होता. पहाटे गाडी चुकली की माल चुकला.

या पट्ट्यात कुपारी म्हणून ओळखला जाणारा सामवेदी ख्रिस्ती समाज आहे आणि तीच बोली बोलणारे हिंदू सामवेदीही आहेत. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती त्यांच्याकडून जिंकली. सत्ता गेली, धर्म राहिला, आणि भाषा मराठी कुळातलीच राहिली. लाल लुगडं नेसलेली, गळ्यात जपमाळ असलेली वसईची बाई मुंबईच्या बाजारांत अनेक पिढ्यांनी पाहिली आहे. जगाच्या मोठ्या घडामोडींशी या किनाऱ्याचा संबंध नवा नव्हता. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पण तेव्हा इथला माणूस जगाकडे गेला होता. १९६४ मध्ये जग लोकलच्या अंतरावर येणार होतं.

युकॅरिस्टिक काँग्रेस ही कॅथलिक चर्चची जागतिक परिषद. पहिली १८८१ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात भरली. आशियात ती जेरुसलेमला १८९३ मध्ये आणि मनिलाला १९३७ मध्ये झाली होती. सदतिसावी १९६० मध्ये म्युनिकला झाली आणि अडतिसावीचा मान मुंबईला मिळाला, भारतात पहिल्यांदाच. तारखा ठरल्या २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४. यजमान होते मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, भारताचे पहिले कार्डिनल. पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल अगाजानियान येणार होते. वसईचे धर्मग्राम तेव्हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्येच मोडत, त्यामुळे भुईगावचा शेतकरी या सोहळ्यात पाहुणा नव्हता. कागदोपत्री तोही यजमानच होता.

इथवरची तयारी मोठी असली तरी आवाक्यातली होती. मग १८ ऑक्टोबरला रोममधून बातमी आली की पोप स्वतः मुंबईला येणार. त्याआधी एकाही पोपने भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत पॉल सहावे विमानाने पवित्र भूमीला गेले होते, आणि विमानप्रवास करणारे ते पहिलेच पोप. ज्यांचं चित्र देवघरात क्रुसाशेजारी टांगलेलं असे, ते चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानावर प्रत्यक्ष दिसणार होते. तोवर काही माणसं पाठवून भागेल असं वाटत होतं. या बातमीनंतर घरातल्या प्रत्येकाला जायचं होतं.

तिथून घराची घडी विस्कटायला सुरुवात झाली.

दिवस कोणते होते ते पाहा. भाताची कापणी नुकतीच झालेली, झोडणी चालू किंवा संपत आलेली. ओल आहे तोवर वाल पेरायचे. हिवाळी भाजीचा हंगाम उभा राहत होता. त्यात चर्चचं पंचांग. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला पडला. त्या वेळच्या चर्चच्या नियमाप्रमाणे आगमनकाळ सुरू झाला की नाताळपर्यंत लग्नाचा थाटाचा विधी होत नसे. ज्या घरी लग्न ठरलेलं होतं, त्यांना ते काँग्रेसच्या तोंडावर उरकणं किंवा नाताळनंतर ढकलणं भाग होतं. म्हणजे मांडव, पाहुणे, झोडणी आणि मुंबईचा प्रवास, सगळं एकाच पंधरवड्यात. शिवाय ते वर्ष धान्यटंचाईचं होतं. पंडित नेहरू मे महिन्यात गेले, जूनमध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले, आणि नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो धान्याचा. भारतीय अन्न महामंडळाची स्थापना जानेवारी १९६५ मधली, ती याच टंचाईच्या पोटातून आली. अशा वर्षी दाराशी पाहुणा आला तर त्याच्या ताटातला भात कुणाच्या तरी ताटातून कमी व्हायचा, आणि ते ताट बहुधा शेवटी जेवणाऱ्या बाईचं असे.

मुंबईतली घरंही मोकळी नव्हती. बांद्रा, माहीम, माझगाव, गिरगाव इथल्या कॅथलिक घरांत परगावचे आणि परदेशचे यात्रेकरू उतरायचे होते. त्याच सुमारास गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन खुलं होतं, त्यामुळे अनेक यात्रेकरू दोन्ही ठिकाणी जाणारे होते. मुंबईत नोकरी करणाऱ्या वसईकराच्या दोन खोल्यांत गावाकडची किती माणसं मावणार? एरवी सणाला चार दिवस राहायला येणाऱ्या माणसांना या वेळी आपणहून म्हणावं लागलं असेल, आम्ही सकाळी येऊ आणि रात्री परत जाऊ.

सकाळी येणं आणि रात्री परतणं म्हणजे काय, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. वसई आणि मुंबईच्या बाजूचं साळसेट बेट यांच्यामध्ये खाडी आहे. महामार्गावरचा वर्सोव्याचा पूल अजून व्हायचा होता. मुंबईला जायचा खरा रस्ता एकच, रेल्वेचा. विरार-मुंबई गाडी १८६७ पासून चालत होती आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज आली होती. वसई रोड ते चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर, पण भुईगावच्या माणसाला आधी स्टेशन गाठायचं असे. टांगा, एसटी, सायकल, नाहीतर पाय. कडेवर मूल, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, लोणचं, थोडं सुकं. शुक्रवारी, म्हणजे ४ डिसेंबरला जाणाऱ्यांना मांस वर्ज्य होतं, पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची अडचण कधीच नव्हती. एकदा चर्चगेटला उतरलं की ओव्हल मात्र चालत पाचेक मिनिटांवर. एवढ्या मोठ्या शहरात हा सोहळा लोकलच्या शेवटच्या स्टेशनाशी भरावा, ही वसईच्या गरीब माणसाला न मागता मिळालेली सोय होती.

२ डिसेंबर, बुधवार. पोपचं विमान सांताक्रूझला उतरलं. स्वागताला पंतप्रधान शास्त्री आणि उपराष्ट्रपती झाकिर हुसेन होते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईक, आणि राज्यपालपदी दोनच आठवड्यांपूर्वी आलेले पी. व्ही. चेरियन, जे स्वतः ख्रिस्ती होते. विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांच्या भिंती उभ्या होत्या. गर्दीचा अंदाज दहा लाखांच्या वर केला गेला. मुंबईची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास होती आणि त्यात ख्रिस्ती थोडे. म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले बहुतेक लोक हिंदू, मुसलमान, पारशी, शीख, जैन होते. गाडीत उभे राहून पोप दोन्ही हात जोडून नमस्कार करत होते, आणि लोक नमस्कारानेच उत्तर देत होते. मुंबईच्या इतिहासातल्या सुंदर संध्याकाळींत मी या संध्याकाळचा नंबर फार वर लावतो.

दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणादिवशी, पोपने ओव्हलवर सहा बिशपांना दीक्षा दिली. त्याच दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटताना त्यांनी उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. वसईत शेजारच्या हिंदू घरातून ज्यांनी संस्कृत प्रार्थना लहानपणापासून ऐकली होती, त्यांना ती रोमच्या माणसाच्या तोंडून आलेली कळल्यावर काय वाटलं असेल, हा विचार मला आजही हलवून टाकतो.

सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. परिषदेच्या निमित्ताने धर्मांतरं होतील, अशी भीती आधीपासून बोलली जात होती आणि विरोधही झाला. २९ ऑगस्ट १९६४ रोजी पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, त्या वेळच्या चर्चेत या काँग्रेसचा विषय होता. तिकडे पोर्तुगाल वेगळ्याच कारणाने चिडलं होतं. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा घेतला, आणि तीन वर्षांत पोप त्याच भारताच्या भेटीला निघाले, हा सालाझार सरकारने स्वतःचा अपमान समजला. वसईच्या ख्रिस्ती माणसाला हे दोन्ही आवाज ऐकू येत होते. एक त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेत होता, दुसरा त्याच्या धर्मावर जुनी मालकी सांगत होता. भारताचे पंतप्रधान विमानतळावर पोपचं स्वागत करताहेत, हे दृश्य त्या दोघांनाही पुरेसं उत्तर होतं. भारतीय टपाल खात्याने २ डिसेंबरला संत थॉमस यांचं पंधरा पैशांचं तिकीट काढलं. वसईतून मुंबईला गेलेल्या पत्रांवर ते लागलं असेल, तर ते एखाद्या निवेदनापेक्षा जास्त बोललं असेल.

आता घरी राहिलेल्यांकडे येतो.

नऊ दिवस सगळं घर ओव्हलवर जाऊ शकत नव्हतं. एक दिवसही सगळं घर जाऊ शकत नव्हतं. वाडीला पाणी कोण देणार, म्हशीचं दूध कोण काढणार, तापाने फणफणलेल्या पोरापाशी कोण बसणार? एकत्र कुटुंबांत याचं उत्तर बोलून ठरवावं लागत नसे. बाप्ये जात, मुलांना नेलं जाई, कारण पोपचं दर्शन मुलांच्या आयुष्यभर पुरेल. ज्या बाईचं मूल अंगावर पितं होतं, ती मागे. जिला चालवत नव्हतं ती सासू मागे. धाकटी सून मागे, कारण थोरल्या जावेचा हक्क आधी. काही घरांनी वाटणी केली असेल, आज तू, उद्या मी. पण पोप होते चारच दिवस, २ ते ५ डिसेंबर. चार दिवसांची वाटणी किती जणांत होणार?

शेजार इथे कामाला येई. बारशाला, लग्नाला, मयताला हिंदू आणि ख्रिस्ती घरं एकमेकांचे गोठे सांभाळत आली आहेत, आणि या आठवड्यातही त्यांनी तेच केलं असं मानायला मला कसलीच अडचण वाटत नाही. कुणाच्या तरी पोपसाठी दुसऱ्याच धर्माच्या माणसाने म्हशीची धार काढावी, याला कुणी सर्वधर्मसमभाव असं नाव दिलं नसेल. तो शेजारधर्म होता.

घरी राहिलेल्यांना काय दिसलं? काहीच नाही. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ज्या थोड्या घरांत रेडिओ होता तिथे बायका जमल्या असतील, पण मिस्सा तर लॅटिनमध्ये आणि बातम्यांची मराठी अगदी कोरडी. खरी बातमी रात्रीच्या गाडीने येई. दमलेली, घसा बसलेली, पायांना फोड आलेली माणसं कंदील घेऊन वाडीत शिरत, आणि चुलीवर गरम पाणी ठेवून, उरलेला भात वाढून, घरी राहिलेली बाई विचारी, दिसले का? मग तिला सांगितलं जाई. गाडी पांढरी होती. हात जोडले होते. किती लांबून दिसले, किती जवळून. तिने ते ऐकलं, आणि पुढे नातवंडांना सांगितलं ते तिने स्वतः पाहिल्यासारखं. वसईच्या पुष्कळ घरांत पोपची आठवण आहे ती अशी, पाहणाऱ्याकडून न पाहणारीकडे आलेली.

हा त्याग होता का? तिने तसं म्हटलं नसतं. घरातलं काम होतं, तिने केलं. पण ज्यांनी ओव्हलवर जायचा ध्यास धरला ती भक्ती, आणि जिने त्यांना जाऊ दिलं ते नुसतं घरकाम, हा हिशोब मला मान्य नाही. दहा लाखांच्या गर्दीमागे तिच्यासारख्या किती जणी उभ्या होत्या, हे इतिहासाने मोजलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय ती गर्दी उभी राहिली नसती.

४ डिसेंबरला पोप पत्रकारांशी बोलले. जगातल्या राष्ट्रांनी शस्त्रांवरचा खर्च निदान काही प्रमाणात कमी करावा आणि तो पैसा गरीब देशांच्या मदतीसाठी एका जागतिक निधीत घालावा, असं आवाहन त्यांनी मुंबईतून केलं. मार्च १९६७ मध्ये निघालेल्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ या त्यांच्या विश्वपत्रात त्यांनी या मुंबईच्या आवाहनाची आठवण दिली आहे. धान्यटंचाईच्या वर्षी, रस्त्याकडेची माणसं डोळ्यांनी पाहून केलेली ही मागणी होती. जाताना त्यांनी वापरलेली पांढरी लिंकन गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी ती सोडतीवर लावली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या कामाला लावला. शस्त्रांवरच्या खर्चातून तो निधी काही झाला नाही. गाडीचे पैसे मात्र खरोखर कुष्ठरोग्यांपर्यंत पोचले.

६ डिसेंबरला काँग्रेस संपली आणि वसईची माणसं पुन्हा वाडीत उतरली. राहिलेली झोडणी, वालाची पेरणी, नाताळची तयारी. पण घरी राहिलेल्या बाईसाठी त्या काळातली खरी देणगी पुढच्या काही वर्षांत आली, आणि ती मुंबईहून नव्हे, त्याच व्हॅटिकन परिषदेतून. मिस्सा मराठीत होऊ लागली. धर्मगुरू वेदीमागून लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. जिला ओव्हलवर जाता आलं नव्हतं, तिला आता आपल्या गावच्या चर्चमध्ये आपल्याच भाषेत सगळं कळू लागलं. मला हा बदल पोपच्या भेटीपेक्षा मोठा वाटतो. भेट चार दिवसांची होती. ही भाषा दर रविवारची झाली.

त्यानंतर भारतात आलेले पोप तर वसईलाच आले. फेब्रुवारी १९८६ च्या भारतदौऱ्यात पोप जॉन पॉल दुसरे वसईत उतरले. १९६४ मध्ये मागे राहिलेल्यांपैकी ज्या तोवर हयात होत्या, त्यांना या वेळी खाडी ओलांडायची गरज पडली नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र डायोसिस झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. कार्डिनल ग्रेशस १९७८ मध्ये वारले, पण त्यांचं नाव वसईच्या बंगली भागातल्या रुग्णालयाला आहे. मुंबईत कुलाब्याच्या कॉन्व्हेंट स्ट्रीटवर ‘युकॅरिस्टिक काँग्रेस’ नावाच्या इमारती उभ्या आहेत. पाटी वाचून पुढे जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच त्यामागचे नऊ दिवस माहीत असतील.

आज शहरात जागतिक परिषद भरते तेव्हा काय होतं, ते आपण अलीकडेच पाहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये जी-ट्वेंटीची बैठक मुंबईत होती, तेव्हा झोपडपट्ट्यांसमोर रस्त्याकडेने पडदे आणि फलक लागल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत शिखर परिषद झाली, तेव्हा ८ ते १० तारखेपर्यंत शाळा, बँका, कचेऱ्या बंद होत्या आणि नवी दिल्लीच्या मोठ्या भागात वाहतुकीवर निर्बंध होते. रोजंदारीवरच्या माणसाची चूल त्या तीन दिवसांत कशी पेटली, हे परिषदेच्या जाहीरनाम्यात येत नाही. काळ बदलला आहे, सुरक्षेचे धोके बदलले आहेत, हे मी जाणतो. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. १९६४ मध्ये भुईगावच्या घराची घडी मोडली ती कुणाच्या हुकमाने नव्हे. घरानेच ती मोडली, कारण त्याला पाहुण्याला भेटायचं होतं, आणि शहराने त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहू दिलं. हल्ली शहर आपल्याच माणसाला पाहुण्यापासून लपवतं. जी परिषद आपल्या यजमानाला घरात कोंडते, तिचा पाहुणचार खरा नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९६४ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि तेव्हाच्या सुना आता ऐंशी-नव्वदीच्या घरात किंवा त्याही पुढे असतील. ओव्हलवर कोण गेलं हे धर्मग्रामाच्या कागदांतून अजूनही काढता येईल. घरी कोण राहिलं हे कुठल्याही कागदावर नाही. म्हणून भुईगाव, गास, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, पापडी, माणिकपूर इथल्या तरुणांना माझी एवढीच विनंती आहे. घरात त्या काळचं कुणी असेल तर या नाताळच्या आधी त्यांच्याजवळ बसा. कोण कोणत्या दिवशी गेलं, कुठल्या गाडीने गेलं, बरोबर काय बांधून नेलं, म्हैस कुणी सांभाळली, आणि मागे कोण राहिलं, हे त्यांच्याच बोलीत, जसं सांगतील तसं लिहून घ्या. खाली नाव आणि तारीख घाला आणि एक प्रत आपल्या चर्चच्या दप्तरात ठेवायला द्या.